नवसाबाईंची साक्ष

मनमाड स्टेशनच्या बाकावर सापडली तेव्हा ती पोर तीनेक वर्षांची असेल. तिला स्वतःबद्दल एकच गोष्ट सांगता येत होती, आपलं नाव नवसा. पोलिसांनी काही दिवस वाट पाहिली, कुणी विचारायला आलं नाही, मग तिला नाशिकला गोदातीर मुलींच्या निरीक्षणगृहात पाठवून दिलं. तिथल्या कारकुनाला आडनाव लागत होतं. त्यानं मनमाडकर लिहून टाकलं.

‘माझ्यासाठी कुणीतरी नवस केला होता, एवढं तरी नावावरून कळतं,’ असं नवसाबाई पुढे हसत सांगायच्या. नवसाची पोर बाकावर कशी राहिली, याबद्दल मात्र कधी बोलायच्या नाहीत.

बरोबरीच्या मुलींना कुणाचे मामा, कुणाचे चुलते घेऊन गेले. काहींची लग्नं गृहानंच लावून दिली. नवसा राहिली. मॅट्रिक झाली, तिथेच काळजीवाहक म्हणून लागली, बाहेरून बी.ए. केलं, गृह चालवणाऱ्या सरकारी खात्याच्या परीक्षा दिल्या आणि १९९१ साली त्याच गृहाची अधीक्षक झाली. ज्या पडवीत ती रांगेत ताट घेऊन बसायची, त्या पडवीला लागूनच तिचं ऑफिस. खात्याला तिचं भारी कौतुक. पुण्याहून कुणी साहेब आले की ओळख करून द्यायचे, “या आमच्या मनमाडकर. इथल्याच.”

तिच्या आधीच्या अधीक्षक निलंबित होऊन गेल्या होत्या. दोन मुली भिंत चढून पळाल्या, एवढंच निमित्त. त्यामुळे नवसाबाई आल्या आल्या वरून तोंडी हुकूम आला, खोल्यांना बाहेरून कडी आणि कुलूप. आजारी मुलींसाठी मागे पत्र्याची एक वेगळी खोली होती. पळण्याचा प्रयत्न केलेल्या मुलीलाही तिथेच ठेवायचं, आणि त्या खोलीची किल्ली फक्त अधीक्षकांकडे. आपल्या लहानपणी दारांना आतून कडी असायची हे नवसाबाईंना आठवत होतं. तरी त्यांनी लोहार बोलावून काम करून घेतलं.

सिन्नरची दीपमाला त्या गृहात आली ती तेरा वर्षांची असताना. बाप नव्हता. आई यशोदाबाई, औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात झाडलोट करायची आणि भावाच्या घरी राहायची. मामानं पोरीचं लग्न ठरवलं, पोर घर सोडून सिन्नरच्या स्टँडवर येऊन बसली, पोलिसांनी तिला नाशिकला आणून सोडलं. आई दर महिन्याला एसटीनं भेटायला यायची. मुलीला परत द्या म्हणायची. तिच्या घरी मुलगी सुरक्षित आहे असा दाखला हवा होता आणि तो काही मिळत नव्हता. दीपमालाला एवढंच कळायचं की आई येते आणि आपल्याला न घेता जाते.

१९९७ च्या मे महिन्यात ती पळाली. पंचवटीतल्या भाजीबाजारापर्यंत पोचली होती. पोलिसांनी परत आणली आणि नियमाप्रमाणे ती पत्र्याच्या खोलीत गेली. दुसऱ्या दिवशी पुण्याला उपायुक्त देवस्थळींनी सगळ्या अधीक्षकांची बैठक बोलावली होती. नवसाबाई पहाटेच्या गाडीनं गेल्या. किल्ली त्यांच्या पर्समध्ये होती.

सकाळी दीपमालाला उलट्या सुरू झाल्या. भागीबाई नावाच्या वयस्क काळजीवाहक होत्या, त्यांनी खिडकीच्या गजांतून तांब्यानं पाणी पाजलं. पाणी टिकेना. वर पत्रे तापलेले. भागीबाईंनी जिल्हा कार्यालयात फोन लावला.

“पोरीला लय बेकार होतंय. कुलूप तोडू का?”

“सरकारी कुलूप आहे,” तिकडचा कारकून म्हणाला. “साहेब दौऱ्यावर आहेत. आले की विचारतो.”

भागीबाईंनी पुन्हा फोन केला. पुन्हा तेच. शेवटी दुपारी त्यांनी समोरच्या वेल्डिंगवाल्याला हाताला धरून आणलं. दार उघडलं तेव्हा दीपमाला दाराशीच पडलेली होती. रिक्षात घालून दवाखान्यात नेली, पण डॉक्टरांनी नाडी धरली आणि मान हलवली.

नवसाबाई संध्याकाळी परतल्या. भागीबाई पायरीवर बसल्या होत्या. त्यांनी काही सांगायच्या आधीच नवसाबाईंनी तुटलेलं कुलूप पाहिलं.

खात्याच्या अहवालात लिहिलं गेलं की मुलगी आजारी पडली, तिला तातडीनं दवाखान्यात हलवलं आणि उपचार चालू असताना ती दगावली. मसुदा पुण्याहून आला होता. नवसाबाईंनी खाली सही केली. यशोदाबाईलाही तेच सांगितलं गेलं. ती मुलीचे कपडे घेऊन गेली.

राज्यात इतर ठिकाणीही अशा गृहांत मुलं दगावल्याच्या बातम्या येत होत्या. त्यातून एक विधेयक आलं. मुख्य कलम साधं होतं. गृहांची तपासणी खात्यानं स्वतःच करायची नाही. बाहेरच्या माणसांचं मंडळ न कळवता येईल, खोल्या बघेल, मुलांशी एकटं बोलेल. विधेयक विधिमंडळाच्या संयुक्त समितीकडे गेलं आणि समिती ठिकठिकाणी जाऊन सरकारी खात्यांच्या साक्षी घेऊ लागली. १९९८ च्या हिवाळ्यात ती नाशिकला येणार असं ठरलं.

देवस्थळी आदल्या दिवशीच आले. निरीक्षणगृहाच्या ऑफिसात चहा घेत त्यांनी नवसाबाईंना समजावलं.

“साक्ष मी देणार. तुम्ही फक्त मागच्या खुर्चीवर बसायचं. सदस्यांनी विचारलं, तर तुमची स्वतःची गोष्ट सांगा. मनमाडच्या स्टेशनवर सापडलेली मुलगी आज अधीक्षक आहे. याहून मोठा पुरावा काय हवा?”

“आणि दीपमालाचं विचारलं तर?”

देवस्थळींनी कप खाली ठेवला. “ते अहवालात आहे. तुमचीच सही आहे त्यावर.”

साक्षी जिल्हाधिकारी कार्यालयाच्या सभागृहात होत्या. समोर आमदार, बाजूला विधिमंडळाचा लघुलेखक, आणि एकेका खात्याचे अधिकारी पुढे येऊन बसत होते. पोलीस खात्यानं सांगितलं, पळालेल्या मुलींचा शोध समाधानकारक आहे. आरोग्य खात्यानं सांगितलं, डॉक्टर आठवड्यातून एकदा गृहाला भेट देतात. नवसाबाई मागून ऐकत होत्या. गृहासाठी नेमलेल्या डॉक्टरांची बदली होऊन वर्ष उलटलं होतं आणि त्या जागी कुणी आलेलं नव्हतं. सगळ्यांच्या बोलण्याचा शेवट एकच होता, आहे ती व्यवस्था पुरेशी आहे, नव्या कायद्याची गरज नाही.

देवस्थळी चांगलं बोलले. विदर्भातल्या एका आमदार बाईंनी चष्मा काढला आणि विचारलं, “नाशिकच्या गृहात मुली दगावल्यात का कुणी?”

“एक. गॅस्ट्रोनं. दवाखान्यात, उपचार चालू असताना.”

“आजारी पडल्यावर किती वेळात नेलं दवाखान्यात?”

“तातडीनं.”

“तिथल्या अधीक्षक आल्यात का?”

“आल्यात. पण मॅडम, खात्याच्या वतीनं मीच...”

“त्यांना बोलू द्या,” समितीचे अध्यक्ष म्हणाले.

नवसाबाई उभ्या राहिल्या. घरून निघताना बोलायचं ठरवलं होतं का, असं त्यांना पुढे अनेकांनी विचारलं. ठरवलं नव्हतं. स्टेशनवरच्या मुलीची गोष्ट त्यांनी मनात जुळवूनही ठेवली होती. पण ‘तातडीनं’ हा शब्द देवस्थळी ज्या सहजपणे बोलले, तो ऐकल्यावर ती गोष्ट त्यांना सांगवेना.

“तातडीनं नाही नेलं, मॅडम. सकाळी उलट्या सुरू झाल्या आणि दार उघडलं दुपारी. कुलूप तोडून. दवाखान्यात पोचली तेव्हा ती गेलेली होती.”

सभागृहात कुणीतरी खुर्ची सरकवली.

“कुलूप कशाला?”

“बाहेरून असतं. सगळ्या खोल्यांना.”

“किल्ली कुणाकडे होती?”

“माझ्याकडे. मी पुण्याला होते. साहेबांच्या बैठकीला.”

“दुसरी किल्ली नव्हती?”

“ठेवायची नाही असं सांगितलं होतं. पण ठेवली असती तर मला कुणी फाशी दिली नसती. मी ठेवली नाही.”

दुसरे एक आमदार पुढे वाकले. “बाई, कुलपं काढली तर मुली पळून जातील. मग आमच्याच दारात येऊन ओरडाल ना?”

“पळतील साहेब. काही जणी नक्की पळतील. त्यांना शोधता येतं.”

अध्यक्षांनी लघुलेखकाकडे पाहिलं. त्यानं मान डोलावली, सगळं लिहून झालं होतं. मग जेवणाची सुट्टी झाली.

बाहेर व्हरांड्यात देवस्थळी त्यांच्याजवळ आले. ओरडले नाहीत. “तुमचे आई-बाप कोण, मनमाडकर? हे खातं. खात्यानं तुम्हाला खाऊ घातलं, शिकवलं. आणि तुम्ही सगळ्यांसमोर त्याच्याच तोंडाला काळं फासलंत.”

 ते वाक्य नवसाबाईंना पुढेही बरीच वर्षं लागत राहिलं, कारण त्यातलं पहिलं अर्धं खरं होतं.

त्याच आठवड्यात त्या सिन्नरला गेल्या. साक्ष विधिमंडळापुढे झाली होती, पण ज्या बाईची पोर गेली तिला अजून कुणी काही सांगितलं नव्हतं. यशोदाबाई कामावरून येऊन चूल पेटवत होती. नवसाबाईंनी उंबऱ्यात बसून सगळं सांगितलं. कुलूप, किल्ली, फोन, अहवालावरची सही.

यशोदाबाई बराच वेळ चुलीत फुंकत राहिली. लाकूड पेटलं होतं तरी फुंकत होती.

“मला आत्ता कशाला सांगितलं?” ती म्हणाली. “मी म्हनायचे, डाक्टरांनी लय केलं, माझ्या नशिबात नव्हतं. तेवढ्यावर झोप लागायची मला. आता ती दारामागनं हाका मारनार. मला हाका मारनार ती, तुमाला नाय.”

“तुम्हाला कळायला हवं होतं,” नवसाबाई म्हणाल्या.

“तुमचं वझं हलकं झालं ना? जावा मग.”

त्या उठल्या. स्टँडवर आल्या तेव्हा नाशिकची गाडी उभीच होती, पण त्यांनी ती जाऊ दिली. पुढचीही जाऊ दिली.

महिन्याभरात बदलीचा हुकूम आला. नंदुरबार, कार्यालयीन काम, मुलींशी संबंध नाही. क्वार्टर सोडायचं होतं. नवसाबाईंचं सगळं आयुष्य त्या आवारात गेलेलं, तरी सामान एका टेंपोत मावलं. मुली खिडकीच्या गजांना धरून उभ्या होत्या. भागीबाई डोळ्यांना पदर लावून म्हणाल्या, “कशाला बोल्ल्या बाई तुमी? गेलेली पोर काय माघारी येती व्हय?”

विधेयकाचं काय झालं, तर समितीला आणखी मुदत मिळाली. मग पुन्हा मुदत मिळाली. १९९९ साली विधानसभाच मुदतीआधी विसर्जित झाली आणि समितीपुढचं विधेयक तिथेच संपलं. नवं सरकार आलं. त्यांनी ते पुन्हा आणलं नाही.

साक्षीनंतर खात्यानं दीपमालाच्या मृत्यूची जी चौकशी लावली होती, ती मात्र संपली नाही. विधिमंडळासमोर दिलेली साक्ष कर्मचाऱ्याविरुद्ध वापरता येत नाही, असं नवसाबाईंना कुणीतरी सांगितलं होतं. खात्याला तिची गरजच पडली नाही. त्यांनी भागीबाईंना बोलावलं आणि किल्ली कुणाकडे होती एवढंच विचारलं. भागीबाई काय सांगणार? किल्ली बाईंकडेच होती. फोनचं त्या सांगू लागल्या, तर विचारलं तेवढंच बोला म्हणाले. ज्या कारकुनानं ‘साहेब आले की विचारतो’ म्हटलं होतं, त्याचं नाव चौकशीत आलं नाही. पुण्याच्या बैठकीचंही आलं नाही. मुलीच्या मृत्यूला अधीक्षकांचा निष्काळजीपणा कारणीभूत, असा निष्कर्ष निघाला आणि नवसाबाईंना खालच्या पदावर आणलं. अपील करा, असं नंदुरबारच्या सहकाऱ्यांनी सुचवलं. त्या म्हणाल्या, “निष्कर्ष खोटा कुठं आहे? अर्धा आहे, एवढंच.”

२००७ साली त्या निवृत्त झाल्या आणि पंचवटीत एक खोली घेऊन राहिल्या. लग्न केलेलं नव्हतं, ओळखीपाळखी बेताच्या. समोरच्या शाळकरी मुली अभ्यासाला यायच्या, तेवढीच वर्दळ.

पुढच्या वर्षी त्या एकदा मुंबईला गेल्या. विधिमंडळाच्या ग्रंथालयात समित्यांचे अहवाल ठेवलेले असतात असं त्यांनी ऐकलं होतं. आपण काय बोललो ते छापील पाहावं, एवढीच इच्छा. तिथला माणूस भला होता. त्यानं त्यांना बसायला खुर्ची दिली, बराच वेळ शोधलं आणि परत आला.

“त्या समितीचा अहवाल सभागृहात मांडलाच गेला नाही, आजी. अहवाल नाही म्हणजे साक्षीही छापल्या नाहीत.”

“पण लिहून घेत होते. एक मुलगा बसला होता बाजूला, त्यानं सगळं लिहून घेतलं.”

“घेतलं असेल. विधानसभा गेली की असे कागद कुठे जातात, मलाही नाही सांगता येणार.” मग त्यानं सहज विचारलं, “कशावर बोलला होतात तुम्ही?”

नवसाबाईंनी त्याला दीपमालाबद्दल सांगितलं. पहिल्यापासून, सिन्नरच्या स्टँडपासून. तो उभ्यानंच ऐकत होता, मग शेजारची खुर्ची ओढून बसला. बाहेर कुणीतरी त्याला हाक मारत होतं.

“आलो,” तो म्हणाला, आणि बसून राहिला.

सांगून झाल्यावर नवसाबाईंनी पिशवी उचलली. संध्याकाळच्या गाडीला अजून वेळ होता, पण अनोळखी शहरात त्यांना कुठे थांबावं ते कळेना, म्हणून त्या सरळ स्टेशनवर जाऊन बसल्या.