भाऊसाहेबांनी माझं ठरवून टाकलं

विहीणबाई माझ्या बोटांवर उभ्या होत्या.

पायघडीची कड दुमडली होती. ती सरळ करायला मी हात पुढे केला आणि त्याच वेळी त्यांनी पाऊल टाकलं. फोटोग्राफर म्हणाला, "आंटीजी, बस ऐसे ही, हिलना मत." त्या हलल्या नाहीत. तीन फोटो झाले. मी खाली वाकलेली, चार बोटं त्यांच्या टाचेखाली. त्यांना कळलं नसेल असं मी बरेच दिवस स्वतःला सांगत होते. पण कळलं होतं. त्यांनी एकदा खाली पाहिलं आणि मग कॅमेऱ्याकडे पाहून हसल्या. त्या पुढे गेल्या तशी मी मागचं कापड उचलून पळाले, कारण पुढचं संपत आलं होतं.

आम्ही परीट. लग्नात वरमायेचा पाय जमिनीला लागू द्यायचा नाही, परटाने तिच्या पुढे कापड अंथरत जायचं, मागचं उचलायचं, परत पुढे घालायचं. पुण्यामुंबईकडे हे आता कोणी करत नाही म्हणतात. आमच्याकडे मध्य प्रदेशात, धारमध्ये, करतात. महाराष्ट्राने जे जे टाकून दिलं ते ते इथल्या जुन्या मराठी घरांनी कपाटात जपून ठेवलंय. फक्त पोरांना मराठी वाचता येत नाही, तेवढं सोडा. लग्न मॅरेज गार्डनमध्ये होतं, गेटवर रंगीत दिवे, आत चाटचे ठेले, आणि मध्ये आम्ही मायलेकी बाग प्रिंटचे, म्हणजे बाग गावच्या ठशांच्या छपाईचे, लालकाळे पट्टे घेऊन ओणव्या. पूर्वी साधं पांढरं कापड असायचं. या वेळी फोटोत चांगलं दिसावं म्हणून बाग प्रिंट आणलं होतं.

लग्न भाऊसाहेबांच्या नातीचं. भाऊसाहेब म्हणजे निवृत्त प्राचार्य. त्यांचे पणजोबा धारच्या राजांच्या दरबारात कारभारी होते आणि माझे पणजोबा त्यांचे कपडे धुवायचे. मग दरबार गेला, भाऊसाहेबांकडे वॉशिंग मशीन आली, पण आम्ही त्यांचे परीट ते राहिलोच. बाबांची बसस्टँडजवळ इस्त्रीची टपरी आहे. कितीतरी घरांचे कपडे तिथे येतात. तरी ओळख सांगताना बाबा म्हणतात, भाऊसाहेबांकडचा. त्या दिवशी बाबांची कंबर धरली होती. त्यांना वाकता येईना, म्हणून मी. आई म्हणाली, एक दिवसाचा प्रश्न आहे, चल. मी गेले त्याचं खरं कारण वेगळं होतं. मला भाऊसाहेबांकडून एक उत्तर हवं होतं.

दहाबारा दिवसांपूर्वी माझा बारावीचा निकाल लागला होता. गणित घेऊन सत्याऐंशी टक्के. मला इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा करायचा होता. गणितवाल्यांना बारावीनंतर थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो, म्हणजे दोन वर्षांत हातात काहीतरी येतं. हे खूळ माझ्या डोक्यात टपरीतच शिरलं. बाबांची प्रेस, म्हणजे विजेची इस्त्री, सारखी बिघडायची. एकदा मीच ती खोलली, कॉइल बदलली आणि ती चालू झाली. मी तेव्हा नववीत होते. त्या दिवशी मला जो आनंद झाला तो मी कोणालाच सांगू शकले नाही, कारण घरी कोणाला तो कळला नसता आणि शाळेत माझी तशी मैत्रीण नव्हती.

पण आमच्याकडे असं आपणच ठरवत नाहीत. बाबा म्हणाले, भाऊसाहेबांना विचार, ते म्हणतील ते. भाऊसाहेब दर मे महिन्यात इथल्या मराठी समाजातल्या मुलांना मार्गदर्शन करतात. मी मार्कशीट घेऊन गेले तेव्हा त्यांच्यासमोर त्यांच्याच नात्यातला एक मुलगा बसला होता. बासष्ट टक्के. त्याच्यासाठी कॉलेजांची यादी काढून लाल पेनाने खुणा करणं चाललं होतं. मी दीड तास व्हरांड्यात उभी राहिले. मग त्यांनी माझी मार्कशीट पाहिली, चष्मा काढला, "वा" म्हणाले. इलेक्ट्रिकल ऐकल्यावर म्हणाले, "बघतो." त्या एका शब्दावर मी आठ दिवस काढले.

उत्तर मला मांडवात मिळालं. पायघड्या संपल्या, विहीणबाई चौरंगावर बसल्या, ओटी भरून झाली. व्याही डॉक्टर, देवासला त्यांचं खाजगी हॉस्पिटल. मानपान चालू होता. चांदीची भांडी, पैठणी, सफारीचं कापड. मी एका कडेला कापडांच्या घड्या करत होते. भाऊसाहेबांनी मला हाताने बोलावलं. मला वाटलं, आता सांगतील. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि व्याह्यांना म्हणाले,

"ही आमच्या परटाची मुलगी. सत्याऐंशी टक्के हो. तुमच्या हॉस्पिटलच्या धुलाईला विश्वासू माणूस मिळत नाही म्हणत होतात ना? ही तुम्हाला दिली."

लोक हसले. वाईट हसले नाहीत, कौतुकाने हसले. कोणीतरी टाळ्या वाजवल्या. विहीणबाई म्हणाल्या, हात चपळ आहे हिचा, मी बघितलं ना आत्ता. बाबांना गेटजवळच्या खुर्चीवरून उठवून आणलं. भाऊसाहेबांनी त्यांच्या हातात नारळ ठेवला. आमच्यात हातावर नारळ घेतला की शब्द पक्का. बाबांनी तो कपाळाला लावला. त्यांचे डोळे भरून आले होते. आपल्या मुलीचं भलं झालं असंच त्यांना वाटत होतं, आणि तेच मला सगळ्यात जास्त लागलं. बोटं दुखत होती, पण मला रडू आलं ते त्या टाळ्यांनी. पैठणी, सफारीचं कापड आणि मी.

मी काही बोलले नाही. हे मी लपवणार नाही. मी तिथे मान खाली घालून उभी राहिले आणि मग पंगतीच्या शेवटी जेवलेसुद्धा.

जूनमध्ये बाबा मला देवासला घेऊन गेले. धारहून इंदूर, इंदूरला बस बदलून देवास. बाबा वाटेत खूप बोलत होते. सुपरवायझर म्हणतील तुला, टेबल असेल, पंखा असेल. कॉलेजच्या फॉर्मची शेवटची तारीख त्याच दिवशी होती. बाबांना ते माहीत नव्हतं. मी घरात दोनदा सांगायला तोंड उघडलं होतं आणि दोनदा मिटलं होतं.

धुलाई तळघरात होती. चार मोठ्या मशिनी, ढिगाने चादरी, फिनाइलचा वास. तिथली बाई पन्नाशीची होती, खातेगावकडची. टेबल वगैरे काही नव्हतं. ती चादरी पिळून ट्रॉलीत टाकत होती, काम न थांबवता तिने मला विचारलं, "कितनी पढ़ी है?"

"बारहवीं."

"पास?"

"हाँ."

तिने पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिलं. "तो इहाँ क्यों आई? मेरे को तो कोई पूछने वाला नी था. तेरे को भी नी है क्या?"

धुण्याची मला लाज नाही. माझ्या हाताला ते येतं, आईच्या हाताला माझ्यापेक्षा चांगलं येतं, आणि त्या बाईचं काम त्या हॉस्पिटलात डॉक्टरांइतकंच लागतं. लाज वाटली ती याची, की मी एवढ्या लांब येऊन उभी राहिले आणि अजून कोणीतरी मला विचारेल म्हणून वाट बघत होते. भाऊसाहेबांनी विचारायला हवं, बाबांनी विचारायला हवं. कोणी विचारणार नव्हतं. त्या अनोळखी बाईनेच काय ते विचारलं.

वर येऊन पाहिलं तर बाबा बाकावर बसले होते, डॉक्टर कधी मोकळे होतात त्याची वाट बघत. पाणी पिऊन येते असं त्यांना सांगून मी बाहेर पडले. समोर रस्त्यापलीकडे ऑनलाइन फॉर्म भरून देणाऱ्याचं दुकान होतं. मार्कशीट माझ्या पिशवीत होती. डॉक्टरांना दाखवायला बाबांनीच घ्यायला लावली होती. तो दुकानवाला भिया, इकडे भैयाला भियाच म्हणतात, विचारत गेला आणि मी सांगत गेले. ब्रँच? इलेक्ट्रिकल. कॉलेज? देवासचं पॉलिटेक्निक. दुसरी पसंती? नाही. तो म्हणाला, "दीदी, लॉक कर दूँ? फिर बदलेगा नहीं." मी म्हटलं, कर दो. एवढंच. आयुष्यात पहिल्यांदा माझ्याबद्दलचं काही मी ठरवलं आणि ते बघायला तिथे माझं कोणी नव्हतं.

परतीच्या बसमध्ये मी बाबांना सांगितलं. इंदूरला बस बदलताना ते एवढंच म्हणाले, "मी नारळ घेतला होता गं." त्यानंतर ते माझ्याशी बोलले नाहीत.

दुसऱ्या दिवशी मी एकटी भाऊसाहेबांकडे गेले. खरं तर घेतलेला नारळ परत करायला हवा होता, पण आईने त्याच्या केव्हाच वड्या केल्या होत्या आणि मीही त्यातल्या चार खाल्ल्या होत्या. म्हणून रिकाम्या हाताने गेले. या वेळी व्हरांड्यात थांबले नाही. आत जाऊन खुर्चीवर बसले. मला आठवतंय, खुर्ची वेताची होती.

भाऊसाहेब चिडले नाहीत. ते कधीच चिडत नाहीत. शांतपणे म्हणाले, "मी व्याह्यांना शब्द दिलाय. कळतंय ना तुला?"

"तुम्ही दिलात. मला विचारलं नव्हतं."

"तुझ्या वडिलांना विचारलं होतं."

"त्यांनाही विचारलं नव्हतं. सांगितलं होतं."

ते हसून म्हणाले, "इलेक्ट्रिकल. म्हणजे खांबावर चढणार तू?"

मी म्हटलं, "चढेन." आणि उठले. फाटकाबाहेर आल्यावर मला रडू फुटलं. जिंकल्यासारखं अजिबात वाटलं नाही. गावात एकच दार माझ्यासाठी उघडं होतं, तेही मीच लावून आले असं वाटलं.

आता मी देवासला आहे, पॉलिटेक्निकला. तीन जणींच्या खोलीत एक पलंग माझा. बाकीच्या दोघी नर्सिंगच्या, त्या एकमेकींच्या गावच्या आहेत, एकत्र जेवतात. वर्गात मुलं खूप आणि मुली तीन. इथल्या मुलांना मी फक्त मराठी. "मराठे लोग तो राजा थे ना," असं एकाने विचारलं. मी म्हटलं, होते. आम्ही त्यांचे कपडे धुवायचो हे सांगायला गेले असते तर लांबलं असतं. इथल्या मराठी लोकांना आडनावावरून लगेच कळतं मी कोण ते. एकीकडे मला कोणी ओळखत नाही आणि दुसरीकडे नको तेवढं ओळखतात. मध्ये बसायला जागा अशी नाही. रविवारी मी घरी फोन लावते. आई उचलते. बाबांना दे म्हटलं की ती म्हणते, ते टपरीवर आहेत. मागून त्यांच्या खोकल्याचा आवाज येत असतो.

गणपतीच्या आधीच्या रविवारी आईचा आवाज वेगळा होता. समाजाच्या गणपतीत दरवर्षी गुणवंत विद्यार्थ्यांचा सत्कार असतो. या वर्षी भाऊसाहेबांनी माझं नाव घातलं होतं. शाल, श्रीफळ, स्टेजवर दोन शब्द. आई म्हणाली, "ते सगळ्यांना सांगतायत गं, आमच्या परटाची मुलगी इंजिनिअर होतेय, मीच तिला मार्ग दाखवला." तिला हे सांगताना आनंद झाला होता. मग तिने फोन कोणाला तरी दिला. खोकला अगदी जवळून आला.

तीन महिन्यांनी बाबांचा आवाज ऐकला.

"येशील ना?"

मी पलंगावर बसून होते, खालची फरशी बघत. हो म्हणायला काय लागत होतं? एक संध्याकाळ. शाल घ्यायची, वाकून नमस्कार करायचा, बाबा पहिल्या रांगेत बसून बघतील, सगळं परत पहिल्यासारखं होईल. मला बाबा हवे होते. खूप हवे होते. आणि सगळं परत पहिल्यासारखं होईल याचीच मला भीती वाटली.

मी म्हटलं, "बाबा, मी घरी येईन. तुम्ही म्हणाल तेव्हा येईन, उद्या येईन. स्टेजवर नाही येणार. मी कोणाच्या परटाची मुलगी नाही. मी तुमची मुलगी आहे."

पलीकडून फोन ठेवल्याचा आवाज आला.

मी परत लावला नाही. सत्काराच्या दिवशी माझं नाव पुकारतील. भाऊसाहेब माझ्याबद्दल चांगलंच बोलतील, लोक टाळ्या वाजवतील, आणि ती शाल घ्यायला कोणी पुढे येणार नाही. बाबा तिथे बसलेले असतील. त्यांना त्या रिकाम्या जागेकडे बघावं लागेल, आणि ते मी त्यांना बघायला लावणार आहे. या गोष्टीसाठी ते मला माफ करतील की नाही ते मला माहीत नाही. माफ केलं नाही तरी मी जाणार नाही.