बान तेचांगला कुणी धरीना

चीनमधल्या ग्वांगहानच्या तळ्याकाठच्या बागेत बान तेचांग दरवर्षी ‘पर्जन्यजल’ या सणाच्या दिवशी सकाळीच हजर होई. वसंत तोंडावर आलेला, भुरभुर पाऊस, आणि लेकरांना कडेवर घेऊन हिंडणारे आईबाप. मनाजोगता अनोळखी माणूस दिसला की त्याची बाही धरायची आणि त्याला पोराचा मानलेला बाप करायचं, अशी या दिवसाची रीत. पोर अशक्त असेल तर दणकट माणूस बघायचा. त्यानं शिकावं असं वाटत असेल तर चष्मेवाला.

तेचांग जन्मभर कापूस पिंजत आला. पण या दिवशी तो बिननंबरी चष्मा लावी, खिशाला दोन पेनं अडकवी आणि पुलाच्या तोंडाशी उभा राही. त्याला मूल नव्हतं. कुणीतरी आपल्याला धरावं, एवढीच इच्छा. आजवर कुणी धरलं नव्हतं.

"धरतील कसे?" त्याची बायको सूचिन म्हणे. "पळणाऱ्याला धरतात. तुम्ही पाहुणे उतरवून घ्यायला आल्यासारखे उभे."

म्हणून यंदा तो घाईत असल्यासारखा गर्दीतून चालत सुटला. मधूनमधून मागे बघत. एका बाईने त्याला खरंच थांबवलं. मुतारी उजव्या हाताला आहे, असं सांगितलं.

दुपारी सूचिन त्याला जेवायला बोलवायला आली. फाटकातच एका तरुण आईने तिचा दंड धरला. कडेवर काडीसारखी पोर.

"मावशी, काय दणकट हात आहेत तुमचे. माझी पोर काही खात नाही. तिची मानलेली आई व्हा."

"सोड गं, चुलीवर भात आहे," म्हणत सूचिन खरोखरच पळू लागली. मग तर ती बाई सोडेचना.

शेवटी सूचिन कबूल झाली आणि झाडाखाली उदबत्त्या लागल्या. तेचांग येऊन बाजूला उभा राहिला.

"हे कोण?" आईने विचारलं.

सूचिनने नवऱ्याकडे जरा वेळ पाहिलं. "माझ्याबरोबर येतात. वेगळे मिळत नाहीत."

पोरीने दोघांपुढे डोकं टेकलं. आता मानलेल्या बापाने नाव द्यायचं. तेचांगकडे कित्येक वर्षांची नावं साठली होती. घसा खाकरून तो एकेक सांगत सुटला. पोर जांभया देऊ लागली.

"सावकाश ठरवा," आई म्हणाली. "तुमचीच पोर आहे."

पुढचं एकही नाव तेचांगला आठवेना.