छकडा यायचाय अजून

शहागडच्या पंक्चरवाल्या मामांनी मला सावरलं, हे आधी सांगतो. मंग बाकीचं.

नववीतच शाळा सोडल्ती. छाती सारखी धडधडायची, कुणाशी बोलवायचं न्हाई. मामा सकाळी गोदावरीकाठी गावातल्या पोरांकडून कसरत करून घ्यायचे. ट्रकचं टायर उलटवायचं, लगेच रेतीत पळायचं, लगेच बैठका. टायर काढायची लोखंडी टामी मामांनी रिमवर वाजवली की सुरू. मामा कुणाला नावानं हाक मारत नसत. कुणी ट्रॅक्टर, कुणी टमटम. मी सगळ्यात हळू, म्हणून छकडा.

पहिल्याच दिवशी सगळ्यांचं उरकलं आणि मी एकटाच रेतीत मागं राहिलो. तसंच घरी पळावं, परत येऊच नये, असं वाटलं.

"माठाला हात लावू नका रे, छकडा यायचाय अजून," मामा ओरडले. शेवटचा गडी आल्याशिवाय पाणी प्यायचं नाही, हा तिथला रिवाज.

"मामा, हा दुपारपर्यंत येतो!"

"मंग चला आणायला."

आणि दुखरा गुडघा घेऊन मामाच पुढं निघाले. सगळी टोळी माघारी आली आणि माझ्या चालीनं पळू लागली. मामा म्हणाले, "घाई न्हाई बिलकुल. दम घे बराबर."

त्यानंतर मी एकही सकाळ चुकवली नाही.

आता सुरतेला गोदामात असतो. छाती धडधडली की आजूबाजूला ती पावलं ऐकू येतात.

पोरं फोनवर सांगतात, हल्ली मामाच शेवटी येतात. मामा, मी येईन एक दिवस. तहान लागली तरी माठाला हात लावणार नाही. माघारी फिरून तुमच्या चालीनं पळेन.