फिटरदादांचं वाहतं पाणी

साचलेल्या पाण्याचा एवढा दुस्वास करणारा माणूस भिलाईत दुसरा झाला नाही. पोलादाचा कारखाना उभा राहत होता त्या वर्षांत फिटरदादा आमच्या क्वार्टरच्या भिंतीपलीकडे राहायचे. दिवसभर भट्टीजवळ पाइप जोडून यायचे आणि हातपाय धुवायच्या आधी माशांच्या काचेच्या टाकीपुढे बसायचे. टाकीच्या वर फळीवर एक डबा, त्यात वाळू आणि कोळसा. डब्यातलं पाणी रबरी नळीने टाकीत यायचं, टाकीतून ओसंडलेलं खालच्या बादलीत पडायचं, आणि बादली भरली की ती पुन्हा वरच्या डब्यात ओतायची. नळी कुठल्या कोपऱ्यात, किती वाकवून, किती खोल सोडायची, यात त्यांचे सगळे रविवार गेले. चिमूटभर कोंडा टाकीत टाकून तो कुठे फिरतो ते बघायचे. जिथे थांबेल ती जागा म्हणजे ‘मेला कोपरा’. हे वेड टाकीपुरतं राहिलं असतं तर बरं होतं. एका लग्नात त्यांनी पंगतीतून उठून वाढप्यांना अडवलं. “वरण एकाच टोकाले फिरून राहिलं ना बाप्पा, तिकडचा कोपरा मेला.” वाढप्यांची वाट बदलून दिली आणि स्वतः उपाशी राहिले. वहिनी म्हणायच्या, “मी दोन मिनिटं एका जागी बसली, का माह्याकडे कोंडा घेऊन येतेत.”

एकदा एक रशियन इंजिनिअर टाकी बघायला आला. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती, तरी तासभर फरशीवर खडूने नळ्यांचे बाक, म्हणजे वळणं, काढत बसले. त्यानेच पंपहाउसच्या साहेबांच्या कानावर घातलं. साहेब दादांसारखेच नागपूरकडचे होते. म्हणाले, सोमवारी येऊन बघतो, पसंत पडलं तर या माणसाला भट्टीवरून माझ्याकडे घेतो. दादांना तेव्हाच भट्टीच्या धगीने दम लागायला लागला होता.

नेमकं आदल्या दिवशी, रविवारी सकाळी, दादा-वहिनींना गोंदियाला लग्नाला जावं लागलं. “बाबू, गरमी आहे, मासे दाटीनं आहेत,” दादा मला म्हणाले. “दर दोन घंट्यानं बादली वर ओतजो. पाणी थांबू देऊ नको.”

मी स्टोअरमध्ये कारकून होतो. त्या सकाळी नुकताच रात्रपाळी करून आलो होतो, डोळे उघडे राहत नव्हते. एक बादली ओतली. मग मनात आलं, धार बारीक केली तर डबा दुपारपर्यंत पुरेल. वाळत्या कपड्यांचा चिमटा काढून नळीला लावला आणि आडवा झालो. संध्याकाळी उठलो तेव्हा सगळे मासे पाण्यावर उताणे तरंगत होते. मी चिमटा काढला, बादली ओतली, धार होती तशी सुरू केली.

सोमवारी सकाळी दादा आले. टाकीपुढे वाकून नळीचा बाक बोटांनी चाचपला.

“बादली ओतली होती ना?”

“दर दोन घंट्यानं, दादा.”

“मंग खोट माह्याच बाकात आहे.”

साहेब आले तेव्हा मी शेजारीच उभा होतो. दादांनी त्यांना टाकी दाखवली. “घरच्या टाकीत पाणी फिरवता आलं नाही मले. तुमचे पंप कावून देता माह्या हाती?” साहेबांनी समजावून पाहिलं. दादा बधले नाहीत, आणि मी तोंड उघडलं नाही. ते भट्टीवरूनच, खोकत, निवृत्त झाले.

त्यांनी पुन्हा मासे आणले नाहीत. पण बिनमाशांच्या टाकीत नळ्या बदलत राहिले, आणि दर बदलाला मला हाक मारायचे. “बाबू, तू तर नेमानं ओतली होती. मंग कुठं अडलं असन रे?” वहिनी चहा आणायच्या. मी तो प्यायचो.

दादांना जाऊन आता बरीच वर्षं झाली. खरं सांगितलं असतं तर ते चिडले असते, चार दिवस बोलले नसते, आणि पाचव्या दिवशी नवे मासे घेऊन आले असते. हे मला तेव्हाही माहीत होतं.