मानाजींची दुसरी बायको

मी एका मेलेल्या बाईच्या उरावर सवत आणून बसवली आहे. तीही ती बाई जाऊन पिढ्या उलटल्यावर, आणि कुणी मागितली नसताना.

हल्ली आमच्या संभाजीनगरात जो तो जुन्या नोंदी हुडकत फिरतो. परवा माझी नात मोबाइलवर एका पिवळ्या कागदाचा फोटो मोठा करत म्हणाली, "आजी, यात आजोबांच्या घराण्यातली नावं आहेत." मी म्हटलं, "वाच बाई, वाच. फक्त मोजू नकोस." तिला काही उमगलं नाही. म्हणून हे लिहिते आहे.

तेव्हा माझं लग्न नुकतंच झालेलं. औरंगपुऱ्यात दोन खोल्यांत आम्ही पाच जण. मामंजी, आत्याबाई (म्हणजे माझ्या सासूबाई), नणंद विमल, हे आणि मी. मी इतिहास घेऊन बी.ए. झालेली. (ही गोष्ट मी पाहुण्यांना पाण्याचा तांब्या देता देताही कळवत असे.) विमलची दोन स्थळं येऊन परत गेली होती. पोरगी हसणं विसरली होती. आता तिसरं स्थळ पाचोडकडचं होतं, आणि मुलाच्या आजीचा निरोप आला होता, "पोरगी पसंत हाय. पर मागच्या चार पिढ्या कळाया पायजेत."

मामंजींना आजोबांपर्यंत माहिती होती. त्यापुढं विचारलं की ते आढ्याकडं बघायचे.

"मी काढते की," मी म्हणाले. मला कुणी विचारलंच नव्हतं.

पत्र्याच्या पेटीतून निजामाच्या काळातले दोन उर्दू कागद निघाले. ते घेऊन मी गल्लीतल्या सत्तारचाचांकडं गेले. ते निवृत्त उर्दू मास्तर. चष्मा पुसून त्यांनी पहिला कागद वाचला. मामंजींचे पणजोबा म्हणजे मानाजी. त्यांच्या सासऱ्यानं लेकीला जमिनीचा तुकडा दिल्याचं ते बक्षीसपत्र. त्यात लेकीचं नाव काशीबाई, जौजे मानाजी. जौजे म्हणजे बायको, एवढं मला ठाऊक होतं. दुसरा कागद मानाजी वारल्यानंतरचा. त्यात वारस गंगाबाई, जौजे मानाजी, आणि तिचा मुलगा, म्हणजे मामंजींचे आजोबा.

"दोन बायका!" मी जवळजवळ टाळीच वाजवली.

चाचा म्हणाले, "बेटी, मैं तो सिर्फ पढ़ा. गिनती तुम करी."

इतिहासाची पदवीधर असली सूचना मनावर घेते होय? घरी येऊन मी जाहीर केलं. मानाजींची पहिली बायको काशीबाई. ती वारली, मग दुसरी गंगाबाई. आपण सगळे गंगाबाईचे.

मामंजी म्हणाले, "दोन? आमच्या घराण्यात? मला तर एकीपुढं तोंड उघडता येईना."

आत्याबाई मात्र हसल्या नाहीत. "म्हंजे पहिलीचा टाकच केला नाय कुणी," त्या म्हणाल्या. "म्हणून पोरीचं जमंना."

आमच्याकडं रीत आहे. पहिली बायको गेल्यावर दुसरी आली, की पहिलीचा चांदीचा टाक घडवून देव्हाऱ्यात ठेवायचा, तिचा मान आधी करायचा. नाहीतर ती रुसते आणि घरातलं शुभकार्य अडवते. झालं! विमलची दोन मोडलेली स्थळं, मामंजींचा गुडघा, नळाला न येणारं पाणी, सगळं काशीबाईच्या खात्यावर गेलं. आत्याबाईंनी आपले तोडे मोडून सराफ्यातून टाक घडवून आणला. काशीबाईच्या नावानं सवाष्ण जेवू घालायची ठरली. सवाष्ण म्हणून मलाच बसवलं. मी काशीबाईच्या वतीनं पोटाला तड लागेतो पुरणपोळ्या खाल्ल्या आणि वर आत्याबाईंनी नेसवलेलं लुगडंही घेतलं.

मग पाचोडकर आले. मुलाची आजी पुढं, बाकीचे मागं. विमलनं पोहे दिले. मी कागद आणि वंशावळ घेऊन उभी राहिले आणि इतिहासाचा तास सुरू केला. काशीबाईपाशी आल्यावर आजींचा घास हातातच राहिला.

"पहिली कशानं गेली म्हणायची?"

"त्याची नोंद सापडत नाही," मी अभिमानानं सांगितलं.

"नोंद नाय," आजींनी बशी खाली ठेवली. "तरणीताठी बाय कागदावरनं नाहीशी झाली, आन् नोंद नाय. हिरीत तर नाय ना ढकलली?"

मागचे पाहुणे चपलांकडं बघायला लागले. विमलनं रिकामा ट्रे छातीशी धरला. आणि मला पहिल्यांदा कळलं, की तिसरं स्थळ काशीबाई नव्हे, मी मोडते आहे.

आजी मात्र उठल्या नाहीत. त्यांनी बोटानं पहिला कागद दाखवला. "ह्यो कुणी केला?"

"काशीबाईच्या वडलांनी."

"आन् ह्यो दुसरा?"

"तो सासरकडचा."

"बाप लेकीला कोणच्या नावानं हाक मारंल?"

मी वंशावळीवर पुन्हा बोट फिरवलं.

"तुझं नाव काय गं?"

"शैलजा."

"म्हायेरचं?"

"मंगल. लग्नात बदललं."

आजींनी कोपऱ्यात पोहे खात बसलेल्या ह्यांच्याकडं बोट केलं. "मंग ह्याला बायका किती?"

ह्यांना असा ठसका लागला की सत्तारचाचा आपल्या घरातून विचारायला आले.

म्हणजे काशीबाई तीच आणि गंगाबाईही तीच. सासरनं नाव बदललं तरी बापानं कागदावर आपण ठेवलेलं जुनंच नाव धरून ठेवलं होतं. आणि त्या माउलीला मी तिचीच सवत करून, तिच्याच नावचं लुगडं नेसून पाहुण्यांपुढं मिरवत होते.

आता सगळं संपलं असं मला वाटलं. पण आजी पदरानं डोळे पुसत हसत होत्या. मामंजींना म्हणाल्या, "पाव्हणं, न झालेली भानगडबी तुम्ही चव्हाट्यावर सांगता. झालेली काय लपवताल? पोरगी आमची." विमल ट्रेसकट आत पळाली, आणि आतून कितीतरी महिन्यांनी तिचं हसू ऐकू आलं. त्या आजींचे उपकार मी अजून विसरलेले नाही.

पाहुणे गेले. मी मोरीपाशी खरकट्या भांड्यांच्या ढिगाऱ्यापुढं बसून रडत होते. आत्याबाईंचे तोडे गेले होते, ते परत येणार नव्हते. त्या मागं येऊन उभ्या राहिल्या तेव्हा मी मान खाली घातली. बोलणी बसणार हे ठरलेलं होतं, आणि ती खायला मी तयारही होते. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. त्या घरात माझ्या माहेरच्या नावानं मला तोवर कुणीच हाक मारली नव्हती.

त्या म्हणाल्या, "एक सून आणली व्हती, आज कळलं दोन हायेत. शैलजाला रडायचं तेवढं रडू दे. तवर मंगल, तू भांडी घास."