ओट्यावरचा गट

"उद्या तू येऊ नको."

गुरुजींनी मला वर्गात बोलावून सगळ्यांसमोर सांगितलं. आवाजही चढवला नाही. हातावरचा खडू झटकत म्हणाले, "तालुक्याहून बाई येणारेत वाचन तपासायला. तू मेंढराकडं जा. तेवढीच घरच्यांना मदत."

वर्ग हसला. सरपंचांची पोरगी पहिल्या बाकावरून मागे वळून हसली. मी उभीच होते. राग आला नाही, रडू आलं नाही. थंडीत पाय बधिर होतात तशी सगळीच बधिर झाले.

मी चौथीत होते. जाफराबादजवळचं गाव. आमचं घर मेंढरांवर. दिवाळी झाली की मेंढरं घेऊन शहागडकडे नदीकाठाला उतरायचं, पावसाच्या तोंडावर परत यायचं. तेवढी शाळा बुडायची. जूनमध्ये गुरुजींनी सगळ्यांची चाचणी घेतली. कागदावर आधी अक्षरं, मग शब्द, मग गोष्ट. मला अक्षरं आली, शब्दांवर अडले. माझी रवानगी अक्षर गटात झाली. गोष्ट वाचणारी पोरं आत बसायची, त्यांना गुरुजी शिकवायचे. आम्ही बाहेर ओट्यावर. आम्हाला एकच सांगणं, "गिरवा."

पोर कुठं अडलंय ते बघून तिथून त्याला पुढं न्यायचं, यासाठी चाचणी असते. हे मला फार उशिरा कळलं. आमच्याकडे ती कुणाला कुठं बसवायचं तेवढ्यापुरतीच होती. दिवाळी जवळ आली, तरी आमची पुन्हा चाचणी झाली नाही.

घरी मायला सांगितलं. ती भाकरी थापत होती. म्हणाली, "मास्तरलाच तू नको, तर मंग कशाला जायचं? दिवाळी झाली की आमच्यासंगं चल. शाळा बास." रागानं नाही, सहज म्हणाली. मला कळलं, उद्या गेले नाही तर परत कधीच जाणार नाही.

सकाळी मेंढरं चरायला निघाली. रस्ता शाळेवरूनच होता. फाटकापाशी मी हातातली काठी मायला दिली.

"अगं, मास्तरनं न्हाई म्हणलं ना?"

मी आत गेले. ओटा रिकामा होता. आमच्या गटातलं एकही पोर आलं नव्हतं, त्यांनाही येऊ नका म्हणून सांगितलेलं. वर्गात तपासणीच्या बाई बसल्या होत्या. मला बघून गुरुजी घाईनं म्हणाले, "ही आपल्या शाळेतली न्हाई मॅडम. मेंढरावाल्याची पोर हाय, आली अशीच."

पाच महिने मी त्यांच्या ओट्यावर बसले होते.

"मी चौथीत हाय," मी म्हणाले. "मला शब्द वाचता येत न्हाईत. तसंच लिहून घ्या."

बाईंनी कागद पुढे केला. अक्षरं वाचली. शब्दांवर अडले. वर्ग परत हसला. हसू दे म्हटलं. बाईंनी तसंच लिहून घेतलं. कुणी शाबासकी दिली नाही. बाई गेल्यावर गुरुजींनी मला शाळा सुटेपर्यंत ओट्यावर उभं केलं. मी उभी राहिले. मेंढरं घेऊन परतताना मायनं फाटकातून मला तसं उभं बघितलं. दिवाळीनंतर ती मला मावशीकडे ठेवून गेली. शाळेसाठी.

आता मी वडीगोद्रीकडच्या एका शाळेत चौथीला शिकवते. आज दुपारी मुख्याध्यापक म्हणाले, "मॅडम, उद्या चाचणी आहे. ती ऊसतोडीवाल्यांची पोरगी घरीच राहू द्या. शाळेचं नाव खाली जातं."

इतक्या वर्षांनी परत तशीच बधिर झाले.

"ती येणार, सर," मी म्हणाले. "खाली जायचं ते नाव जाऊ द्या."

शाळा सुटताना मी तिला सगळ्या वर्गासमोर उभं केलं.

"उद्या यायचं. जे येत न्हाई ते येत न्हाई म्हणून सांगायचं. परवापासून मी तुला तिथूनच शिकवणार."