कोऱ्या कुंचीचा वास

नवेपणाच्या वासाचं कौतुक करणाऱ्या माणसांशी माझं आजवर पटलेलं नाही. त्याला कारण माझी वहिनी.

न्हावा शेव्याचं बंदर तेव्हा नवं होतं आणि पनवेलच्या बाजारात ‘बंदरावरचा माल’ म्हटलं की काहीही खपायचं. भावाला मुलगी झाली, तेव्हा वहिनीने असलंच एक चमचमतं गुलाबी कापड बारशाच्या झबल्या-कुंचीसाठी माझ्याकडे पाठवलं. शिवणकामावर माझं पोट, कापड मला नवीन नव्हतं. पण ही घडी उलगडली आणि घरभर रॉकेलसारखा भपकारा सुटला. मशीनवर बसले की डोळे चुरचुरायचे, डोकं ठणकायचं. मी निदान उठून खिडकीशी जाऊ शकत होते. ते तान्हं कुठे जाणार होतं?

शिवून झाल्यावर मी दोन्ही कपडे रिठ्याच्या पाण्यात भिजवले, गच्चीवर वाळवले, पुन्हा भिजवले. चमक गेली, वासही गेला. वहिनीने ते एकदा पाहिले आणि माझ्याच पिशवीत परत कोंबले. बारशाला कोरंच घालतात, धुतलेलं म्हणजे वापरलेलं, एवढंही आत्याला कळू नये, असं तिने भावाला ऐकवलं, मला ऐकू येईल अशा बेताने. मी परत दिलेल्या उरलेल्या कापडाचं कुंची-झबलं तिने दुसऱ्या शिंप्याकडून शिवून घेतलं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

बारशाच्या दिवशी पाळण्याभोवती बायका जमल्या. नाव ठेवायचा मान आत्याचा. तो काही तिला दुसरीकडून शिवून आणता येत नव्हता. कानात नाव सांगायला मी वाकले आणि तोच भपकारा नाकात शिरला. बाळाचे डोळे लाल झाले होते, नाक वाहत होतं, रडून रडून आवाज बसला होता. बायका म्हणत होत्या, भूक लागली असेल.

मी सरळ उभी राहिले. म्हटलं, “आधी हे अंगावरचं काढा. तोवर मी नाव ठेवणार नाही.”

वहिनी जागची हलली नाही. शेवटी भाऊच पुढे आला आणि त्याने बाळाचे कपडे उतरवले. धुतलेली जोडी मी मुद्दाम बरोबर नेली होती, ती घातली. बाळ हुंदके देत हळूहळू शांत झालं, मग मी कानात नाव सांगितलं. वहिनीने माझी ओटी भरली ती दुसरीकडे बघत.

आजही तशीच वेळ आली तर मी तेच करीन. नाव मीच ठेवलं. त्या नावाने हाक मारायला मात्र त्या घरात मला पुन्हा कुणी बोलावलं नाही.